मधली रेघ

झिंदेरच्या दवाखान्यात, फळ्यावर,
लांताना खडूनं काढते एक उलटा भोपळा
आणि त्याच्या पोटाला टेकलेली छोटी पखाल.
रोज पुसते, रोज काढते.
पखाल तिला अजून एकदाही नीट जमलेली नाही.

हाउसात सांगते: ही महाइफा, ही माफित्सारा.
दोघींची नावं 'मा'पासून निघतात.
'मा' म्हणजे जागा.
जन्माची जागा, लघवीची जागा.
आणि महाइफा म्हणजे जन्मगावसुद्धा,
तू कुठली, याचं उत्तर.
(मला त्यात माहेर ऐकू येतं. बोलत नाही.)
माझ्या भाषेत त्या दोघी शेवटी भेटतात:
गर्भाशय, मूत्राशय.
आशय एकच. साठवायचं,
वेळ झाली की जाऊ द्यायचं.

फॉर्मवर मात्र डॉक्टर इसूफूंचं लॅटिन.
नाव झुवैरा. वय बहुतेक एकोणीस.
कळा तीन दिवस, मग गाढवगाडी,
मग जिल्ह्याच्या गावी सिझेरियन.
मूल: या रकान्यात आडवी रेघ.
तक्रार: अकरा महिने, दिवसरात्र.
येताना बसवाल्यानं तिला टपावर बसवलं,
पोत्यांमध्ये, वाऱ्याच्या बाजूला.
हे लिहायला रकाना नाही.

तपासणीला मूत्राशयात निळं औषध सोडतात,
खाली गॉजचे तीन बोळे, एकावर एक.
कुठला भिजतो त्यावरून भोक कुठं ते कळतं.
तिचा सगळ्यात वरचा निळा झाला,
सणाच्या कापडासारखा गडद.
ती त्याच्याकडे बघत राहिली.
म्हणाली, चूक कोणाची?
भोपळ्याची की पखालीची?

लांताना हसली. तिला स्वतःला इथंच
शिवलंय, दोनदा, सोळा वर्षांपूर्वी.
म्हणाली, शेजारणी त्या.
मधे भिंत एकच, कांद्याच्या पापुद्र्याएवढी.
तीन दिवस दार उघडलं नाही कुणी,
सुरी आली ती उशिरा, घाईत.
भिंतीला काय विचारतेस?

मी निदान लिहीत होते:
व्हेझिको-युटेराइन फिस्टुला.
लांतानाला ही अक्षरं वाचता येत नाहीत.
तिनं बोट ठेवलं बरोबर मधल्या रेघेवर.
हे काय?
जोडायची खूण, म्हटलं. दोन शब्द जोडते.
ती थोडा वेळ गप्प.
मग म्हणाली, जोडलेलंच तर नको होतं ना इथं.

ऑपरेशन मंगळवारी. पुढं चौदा दिवस नळी,
खाटेला लटकलेली पिशवी,
प्या, प्या, म्हणत फिरणारी लांताना,
पाण्याच्या प्लास्टिक पुड्या दातांनी फोडत.
शेजारच्या खाटेवर देलू. तिची चौथी वेळ.
तिची चादर बाराव्या दिवशी पुन्हा ओली झाली.
कोणी काही बोललं नाही.
झुवैरानं आपली कोरडी चादर काढून
तिच्या अंगाखाली सरकवली,
आणि स्वतः चटईवर झोपली.

पंधराव्या दिवशी तीन बोळे, तीनही पांढरे.
डॉक्टर फ्रेंचमध्ये काहीतरी पुटपुटले
आणि हात धुवायला गेले.

आज ती जायची. पहाटे बघते तर
कडुनिंबाखाली बादली घेऊन बसलीय,
घड्या तशाच असलेलं फडकं धुतेय.
कोरडं आहे गं, मी म्हटलं.
माहितीये, म्हणाली.
पिळलं, झटकलं, दोरीवर टाकलं,
वाळेपर्यंत तिथंच बसून राहिली.
बस साडेआठची.